माळ्यावरच्या पेटीतल्या अनोळखी वस्तू: ओळखायच्या कशा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. खटाव तालुक्यातलं आजोळचं घर उतरवायला काढलंय, माळ्यावर एक लोखंडी पेटी निघाली आणि तिच्यातल्या सात वस्तू घरात कोणालाच ओळखू येत नाहीत. फोटोत दिसतात त्या अशा: बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी, तोटी असलेलं छोटं पितळी भांडं, तळाला तीन भोकं असलेला लाकडी वाडगा, जाड दातांची लाकडी फणी, लोखंडी आकड्यांचा झुबका, भोकं पाडलेल्या अर्धचंद्राकृती लोखंडी पट्ट्या आणि टोकाला केसासारखी तार असलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांची पुडी. मोबाइलमधल्या अ‍ॅपने यातल्या निम्म्या वस्तूंना ‘शोभेचा जुना वाडगा’ ठरवलं, असंही तुम्ही लिहिलंय. वस्तू काय आहेत, किती जुन्या आहेत, किती किंमत येईल आणि त्यातली एखादी बहिणीला अमेरिकेला नेता येईल का, हे तुम्हाला हवंय.

जुनी घरं रिकामी होताना निघणारं सामान विकत घ्यायचं, दुरुस्त करून पुढे द्यायचं, हा माझा धंदा. रोज कोणी ना कोणी असे फोटो पाठवतं. सगळ्या फोटोंची अडचण एकच असते: त्यात आकार दिसतो, पण आकारावरून फारसं काही ठरत नाही. भोक असलेली वाटी पाच निरनिराळ्या कामांची असू शकते. वस्तू कशासाठी होती हे तिच्या झिजेवरून कळतं. हात कुठे लागायचा, काम कुठे व्हायचं आणि काम नसताना ती कुठे टांगलेली किंवा ठेवलेली असायची, या तीन जागा शोधा. बाकीच्या भागावर नुसती धूळ आणि गंज असतो, या तीन जागांवर वापर दिसतो.

म्हणून पहिली गोष्ट: अजून घासलं नसेल तर काहीही घासू नका. चिंच नको, लिंबू नको, पितांबरी नको. काजळी, तुपाचा चिकटा, दातांत अडकलेलं पीठ, कुंकवाचे कण हा सगळा पुरावा आहे आणि एकदा धुतला की गेला. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका आणि वस्तू खिडकीपाशी नेऊन तिरप्या उजेडात पुन्हा फोटो काढा. समोरून फ्लॅश मारला की झीज पुसली जाते, तिरप्या उजेडात ती उठून दिसते. लाकडी वस्तूंना तर पाणी लावूच नका.

धातूच्या भांड्यांबाबत मी सगळ्यात आधी आत डोकावतो, कल्हई आहे का बघायला. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून ज्यात अन्न शिजायचं किंवा राहायचं त्याला आतून कथलाची कल्हई असायची. पाण्याच्या हंड्याला, घागरीला आणि देवपूजेच्या उपकरणांना सहसा ती नसते. जुनी कल्हई चकचकीत नसते. करडी, मळकट दिसते आणि जिथे पळी घासली तिथून खालचा लाल किंवा पिवळा धातू डोकावतो. एवढ्या एका तपासणीत स्वयंपाकघर आणि देवघर वेगळं होतं. काशाला कल्हई लागत नाही. कासं म्हणजे तांबं आणि कथील, पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. नखाने टिचकी मारा, कासं बराच वेळ घुमतं.

आता सोप्या तीन वस्तू आधी निकालात काढू.

पत्र्याच्या पट्ट्यांची पुडी म्हणजे स्टोव्हच्या पिना. चाळिशीच्या आतल्या लोकांनी त्या पाहिलेल्या नसतात, म्हणून हमखास विचारलं जातं. रॉकेलच्या पंपाच्या स्टोव्हचं निपल काजळीने चोंदलं की निळी ज्योत पिवळी पडून भुरभुरायला लागायची, मग ही तार निपलाच्या भोकात घालून ते मोकळं करायचं. तार सारखी मोडायची, म्हणून पुड्यांनी आणून ठेवत. असा स्टोव्ह स्वीडनमध्ये १८९२ साली निघाला, तेव्हा पिना त्यामागच्या असूच शकत नाहीत. पेटीत तळाशी चिमट्यासारखं काही असेल आणि त्याच्या टोकांना जळकं कापड किंवा तसलं काही गुंडाळलेलं असेल, तर तो काकडा. रॉकेलमध्ये बुडवून, पेटवून बर्नरखाली अडकवायचा. बर्नर तापला की मग पंप मारायचा.

आकड्यांचा झुबका बघून तुमच्या मामांना ते हत्यार वाटलं. तो विहिरीचा गळ आहे. कळशी किंवा बादली दोर तुटून विहिरीत पडली की दोराला बांधून हा खाली सोडायचा आणि तळ चाचपत फिरवायचा. वरची कडी पाहा, दोराने घासून आतून गुळगुळीत झालेली असेल. आकड्यांची टोकं हाताला लावून बघा, बोथट लागतील. मासे धरायच्या गळाला टोकाशी उलटा काटा असतो, म्हणजे मासा सुटत नाही. भांड्याचा काठ किंवा कान अडकवायला त्याची गरज नाही. असा गळ अख्ख्या आळीत एखाद्याच घरी असायचा आणि बाकीचे मागून न्यायचे, त्यामुळे तुमच्या आजोळी पाण्याची विहीर स्वतःची होती असा अंदाज करायला हरकत नाही.

अर्धचंद्राकृती पट्ट्यांना बरेच जण कुलपाची किंवा पेटीच्या कोपऱ्याची पट्टी समजतात. भोकं कुठे आहेत ते बघा. ती फक्त बाहेरच्या गोलाईच्या कडेने असतील तर त्या बैलाच्या पत्र्या. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून घोड्यासारखा एकसंध नाल चालत नाही. प्रत्येक पायाला दोन, म्हणजे एका बैलाला आठ पत्र्या लागतात. गाडीला किंवा डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या बैलांना नालबंद त्या ठोकायचा. वापरलेली पत्री एका कडेला पातळ झालेली असते. फोटोतल्या सगळ्या सारख्या जाडीच्या दिसताहेत, तेव्हा हा न वापरलेला साठा असावा.

लाकडी वाडग्याकडे मात्र जरा निवांत बघा. हॉटेलवाले असे वाडगे उलटे टांगून त्यात बल्ब लावतात, मला ते बघवत नाही. तुमचा वाडगा हे तिफणीचं, म्हणजे बी पेरायच्या औताचं, चाडं आहे, असं मी जवळजवळ खात्रीने म्हणेन. तिफणीला तीन फण, म्हणजे जमिनीत तास पाडणारे दात. प्रत्येक फणाशी एक नळा आणि तीनही नळ्यांची वरची तोंडं या वाडग्याच्या तळाशी येऊन मिळतात. पेरणारा मुठीतून बी चाड्यात सोडत चालतो आणि ते तीन वाटांनी खाली जातं. खात्री करायची तर एका भोकातून पेन्सिल घाला आणि कुठे झुकते ते पाहा. फण एकमेकांपासून लांब आणि वाडगा मध्ये, म्हणून भोकं सरळ खाली जात नाहीत, बाहेरच्या अंगाला तिरपी जातात. निदान कडेची दोन तरी. कुंडीच्या भोकाला असा तिरकसपणा कोणी कशाला देईल?

मग भोकाच्या आतल्या कडेवरून बोट फिरवा. दाणा घरंगळून घरंगळून तिथलं लाकूड गुळगुळीत होतं, रंधा मारूनही येणार नाही असं. वाडग्याचा काठसुद्धा एका बाजूला जास्त झिजलेला सापडतो, कारण पेरणाऱ्याचं मनगट तिथे टेकतं. बाहेरून बुडाशी दोरीचे वळ असतील, चाडं औताला बांधलेलं असायचं. खटाव-माणसारख्या कोरडवाहू भागात, जिथे रब्बीची ज्वारी हेच मुख्य पीक होतं, तिथे शेतकऱ्याच्या माळ्यावर चाडं निघणं अगदी साहजिक आहे. चार भोकांचीही चाडी असतात, दोनचीही असतात. भोकांची संख्या औताच्या फणांवर ठरते, आणि नावं तर दर चार गावांनी बदलतात. तुमच्याकडे कोणी त्याला वेगळं नाव सांगितलं तर वाद घालू नका, लिहून ठेवा.

जाड दातांच्या फणीबाबत तीन शक्यता आहेत आणि फोटोवरून मी एकीवर बोट ठेवणार नाही. केस विंचरायची असेल तर दातांच्या मुळाशी तेलाचा काळपट चिकटा बसलेला असतो आणि लाकूड तेल पिऊन गडद झालेलं असतं. साळ्याच्या, म्हणजे विणकराच्या, मागावरची फणी याहून पुष्कळ लांब असते आणि तिचे दात दोन्ही टोकांना बंद असतात, त्यामुळे ती तुमच्या फोटोत बसत नाही. उरते ती स्वयंपाकघरातली. लग्नकार्याआधी घराघरातून गव्हले, नखुले, मालत्या हे खिरीसाठी हाताने वळायचे पिठाचे प्रकार करायला बायका जमायच्या, त्यातच फणुलेही व्हायचे. कुठे फणोल्या म्हणतात. रव्याच्या भिजवलेल्या पिठाची बारीक गोळी फणीच्या दातांवर अंगठ्याने दाबून वळवून काढली की तिच्यावर रेघा उमटतात. अशा फणीच्या दातांच्या फटीत पांढरट, दगडासारखं वाळलेलं पीठ सापडतं. सुईच्या टोकाने कणभर काढून पाण्यात टाका, मऊ होऊन पाणी गढूळ झालं तर पीठ. दातांची टोकं बघायची गरज नाही, कारण काम टोकांनी होत नाही. दाताच्या सपाट अंगावर अंगठा फिरतो, तिथला मधला पट्टा झिजलेला असेल.

अशा वस्तूसाठी माझी एक आवडती पद्धत आहे. घरातल्या म्हाताऱ्या बाईला ‘हे काय आहे?’ असं विचारू नका. नाव आठवत नाही, मग ती ओशाळते आणि ‘असेल काहीतरी जुनं’ म्हणून बाजूला सारते. वस्तू नुसती हातात द्या आणि तिच्या हाताकडे बघत बसा. एका घरी अशीच फणी मी एका आजींच्या हातात दिली. त्या सुनेशी भलत्याच विषयावर बोलत होत्या, आणि बोलता बोलता त्यांनी फणी डाव्या तळव्यावर आडवी धरून उजव्या अंगठ्याने पुढे ढकलल्यासारखं केलं. नाव त्यांना बऱ्याच वेळाने आठवलं. तुमच्या आईच्या मावश्यांपैकी कोणी असतील तर हे आधी करा, माझं उत्तर नंतर वाचा.

तोटीच्या छोट्या भांड्याला तुमच्या फोटोखाली तिघांनी दिवा म्हटलंय. मला ते बोंडलं वाटतं, तान्ह्या मुलाला दूध पाजायचं. दिवा असता तर तोटीच्या तोंडाशी काजळी असती. कितीही घासली तरी ती खाचांत राहतेच. वातीची जागाही बहुतेक दिव्यांत वरून उघडी पन्हळीसारखी असते, इथे तोटी बंद नळीची आहे. तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या फोटोत आतली बाजू करडी दिसते. ती कल्हई असेल तर दिव्याचा प्रश्न मिटला, तेलाच्या दिव्याला कोणी कल्हई करत नाही. तरी तूप वाढायचं तोटीचं भांडं ही शक्यता उरतेच. तिचा निकाल तोटीच्या टोकावर. टोक ओठांत धरायचं असेल तर कड आतबाहेर गोल वळवलेली, कुठेही न बोचणारी असते; तुपाच्या भांड्याला धार नीट तुटावी म्हणून टोक पातळ आणि जरा तिरकं ठेवतात. डोळे मिटून टोकावरून जीभ नको, पण ओठ फिरवा. लगेच कळेल. आणि हो, बोंडलं हातात मावेल एवढंच असतं, फार तर वाटीभर दुधाचं.

त्याच भांड्याच्या बाहेरून ठिपक्याठिपक्यांनी काही अक्षरं दिसताहेत. ती वाचायला पीठ चोळू नका, कागद ठेवून वर पेन्सिल आडवी घासा, अक्षरं कागदावर उतरतील. आपल्याकडे आहेराच्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत होती आणि पुष्कळदा शकही घालत. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, जानेवारी ते पाडव्यापर्यंतच्या तारखेला ७९. म्हणजे शके १८५२ दिसलं तर १९३०-३१. नाव मुलाचं किंवा मुलीचं असेल तर बारशाचा आहेर. जुनेपणाचा इतका पक्का पुरावा दुसरा नाही, म्हणून मी रंगावर किंवा हिरव्या डागांवर कधीच विश्वास ठेवत नाही. तांब्यावर जंगाल चढायला शंभर वर्षं लागत नाहीत, ओल्या माळ्यावर दोन पावसाळे पुरतात.

नाव नसलेल्या भांड्यांना बाकीच्या खुणा लावाव्या लागतात. तांबटाने हाताने ठोकलेल्या भांड्यावर मठारकामाचे हातोडीचे चपटे ठसे असतात, एकमेकांशी तंतोतंत न जुळणारे. यंत्रावर फिरवून केलेल्या भांड्यावर एकात एक गोल रेषा दिसतात. अधिक-चिन्हाची खाच असलेला स्क्रू १९३०च्या दशकापासूनचा. मापावर किंवा वजनावर ग्रॅम, किलो लिहिलेलं असेल तर ते १९५६च्या कायद्यानंतरचं. तोळे, शेर असतील तर बहुतेक त्याआधीचं, कारण १ एप्रिल १९६२पासून व्यापारात मेट्रिक वजनंच सक्तीची झाली. पण हातोडीचे ठसे आजही पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत नव्या भांड्यांवर उमटतात. त्यामुळे एकट्या ठशांवरून ‘पेशवेकालीन’ म्हणणाऱ्या दुकानदारापासून सावध राहा.

आता तांब्याची वाटी. या पेटीतला खरा ऐवज तोच असू शकतो, किंवा काहीच नसू शकतो.

बुडाला भोक असलेलं तांब्याचं भांडं आपल्याकडे तीन कारणांनी सापडतं. एक, साधी वाटी गंजून भोक पडलं. दोन, महादेवाच्या पिंडीवर टांगायचं अभिषेकपात्र, ज्याला गळती म्हणतात. तीन, घटिकापात्र, म्हणजे वेळ मोजायचं पाण्यावरचं घड्याळ. भिंग घ्या आणि भोक जवळून पाहा. गंजाने पडलेलं भोक वेडंवाकडं असतं, क्वचितच बरोबर मध्यावर येतं आणि त्याच्या आजूबाजूला अर्धवट खाल्लेले खड्डे असतात. मुद्दाम पाडलेलं भोक गोल आणि नेमकं केंद्रात असतं. तुमच्या फोटोत ते मध्यावरच दिसतंय, त्यामुळे पहिली शक्यता मी सोडून देतो.

गळती आणि घटिकापात्र यांतला फरक काठावर आणि बुडावर कळतो. गळती टांगायची असते, म्हणून काठाला तीन कान किंवा कड्या असतात, किंवा त्या तुटल्याच्या खुणा. टांगायची नसेल तर तिवईवर बसते, मग बाहेरून एक गोल पट्टा घासलेला दिसतो. भोक त्यामानाने मोठं असतं, कारण धार लागायची असते आणि त्यात दर्भही खोचतात. घटिकापात्र कुठे टांगायचं नसतं. ते पातळ पत्र्याचं, अर्ध्या नारळाएवढं गोल, जमिनीवर ठेवलं तर डुगडुगणारं. भोक इतकं बारीक की उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही. तुमच्या वाटीला कान दिसत नाहीत आणि ती फोटोत रुमालाच्या वळकटीवर टेकवून ठेवलीय, म्हणजे ती स्वतः उभी राहत नसणार. माझा कल तिसऱ्याकडे आहे. आत हळदकुंकवाचे डाग आहेत म्हणून कोणीतरी ते पूजेचं भांडं ठरवलंय, पण लग्नात घटिकापात्राचीही पूजा होते, त्या डागांनी काहीच ठरत नाही.

निकाल लावायचा उपाय तुमच्या घरातच आहे. वाटीपेक्षा दुप्पट रुंद आणि तिच्याहून खोल असं पातेलं किंवा घंगाळ साध्या पाण्याने भरा. गरम पाणी नको, पाणी कोमट असलं तरी भोकातून लवकर आत येतं. पाणी पूर्ण थांबू द्या. वाटीचं भोक बोटाने ओलं करून घ्या, कारण कोरड्या बारीक भोकाला पाण्याचा ताण अडवतो आणि सुरुवातीची एखाद-दोन मिनिटं पाणी आत येतच नाही. मग वाटी अलगद सोडा आणि मोबाइलवर वेळ लावा. ती हळूहळू भरेल आणि काठापर्यंत आली की एकदम तळाला जाईल. एक घटिका म्हणजे २४ मिनिटं, दिवसरात्रीच्या ६० घटिका. सूर्यसिद्धांतात असंच तांब्याचं पात्र सांगितलंय, स्वच्छ पाण्यात अहोरात्रात साठ वेळा बुडणारं. तुमची वाटी २२ ते २६ मिनिटांत बुडाली तर मी तिला घटिकापात्र म्हणेन. तीन-चार मिनिटांत बुडाली तर गळती किंवा आणखी काही. तासभर तरंगत राहिली तर भोक जंगालाने किंवा क्षाराने बुजलंय, आणि इथेच लोक घात करतात. सुई घालून भोक मोकळं करायला जातात. केसाएवढं जरी ते रुंदावलं तरी वेळ कायमची चुकली. काडी, टाचणी, स्टोव्हची पिन, काही म्हणजे काही घालू नका. साध्या पाण्यात रात्रभर भिजवून पुन्हा तीच चाचणी करा.

या एका वस्तूवरून पेटीतल्या बाकीच्या सामानाचा अर्थही बदलतो, म्हणून तुम्हाला विचारतो: आजोळच्या घरात कोणी जोशीपण, म्हणजे पंचांग-मुहूर्त सांगायचं काम, करत होतं का? जुन्या पंचांगात वेळा घटी-पळांत असायच्या. लग्नाच्या घरी जोशी सूर्योदयापासून घटिका मोजायचा. पात्र बुडालं की उचलून, रिकामं करून पुन्हा सोडायचं आणि एक खूण करायची. असं पात्र शेतकऱ्याच्या घरी सहसा नसतं. पण गावच्या जोश्याला वतनाची जमीन असणं नेहमीचं, मग त्याच घरात चाडं आणि बैलाच्या पत्र्या निघाल्या तर त्यात विसंगत काही नाही. जोशीपण घराण्यात नव्हतं असं निघालं, तर वाटी लिलावातून किंवा वाटणीतून आली असेल, किंवा माझा कल चुकीच्या बाजूला असेल. म्हणून पेटीतल्या वस्तू सुट्या सुट्या काढून वाटू नका. आधी सगळ्या एकत्र ठेवून एक फोटो काढा, कोणती कशाखाली होती, कशात गुंडाळलेली होती ते लिहा. गुंडाळलेलं वर्तमानपत्र असेल तर त्यावरची तारीख बघा. वस्तू माळ्यावर कधी गेली, म्हणजे वापरातून कधी सुटली, ते तिथे लिहिलेलं असतं.

शंका उरलीच तर पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक दिवस घालवा. अडकित्ते, दिवे, पूजेची उपकरणं, स्वयंपाकघरातल्या वस्तू तिथे रांगेने मांडलेल्या आहेत आणि एका प्रकारच्या वीस वस्तू शेजारी पाहिल्यावर आपली कुठे बसते ते डोळ्यांना कळतं. कधी अहमदाबादला जाणं झालं तर विशाला या उपाहारगृहातलं भांड्यांचं संग्रहालयही बघा. नुसती भांडीच भांडी.

किंमतीबद्दल स्पष्ट बोलतो. गळ, पत्र्या, पिना यांना मोडीच्या भावापलीकडे फारसं काही मिळणार नाही. चाडं आणि फणी हौशी माणूस घेईल, पण जपून ठेवाल तर जास्त समाधान. बोंडल्याची किंमत त्यावरच्या नावामुळे तुमच्या घरापुरती मोठी, बाजारात मध्यम. घटिकापात्र ठरलं आणि वेळ बरोबर दाखवत असलं तरच भाव करायचा. त्याआधी कोणी ‘सगळी पेटी इतक्याला देता का?’ म्हणून विचारायला आलं तर नाही म्हणा. भंगारवाल्याला वजनाचं कळतं, पण माळ्यावर चढणाऱ्या काही मंडळींना वजनाच्या पलीकडचंही चांगलं कळतं. पेटीत पुढे एखादी हस्तिदंती मूठ किंवा डबी निघाली तर ती विकायच्या भानगडीत पडू नका, वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

बहिणीने वस्तू अमेरिकेला न्यायचा मुद्दा. १९७२च्या पुरावस्तूंच्या केंद्रीय कायद्यात शंभर किंवा जास्त वर्षं जुनी, माणसाने घडवलेली वस्तू पुरावस्तू धरली जाते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. घरात पिढीजात असली तरी. स्टोव्हच्या पिनांना कोणी अडवणार नाही, बोंडल्यावर इसवी सन १९३०च्या आसपास येणारा शक निघाला तर तेही शंभरीच्या आत बसेल. तांब्याच्या वाटीवर मात्र तारीख नाही आणि विमानतळावर कस्टमवाल्यापुढे ती नवी आहे हे तोंडाने सिद्ध होत नाही. वस्तू शंभर वर्षांहून कमी जुनी आहे असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू प्रत्यक्ष दाखवून मिळतो. जायच्या आदल्या आठवड्यात ही धावपळ करू नका. वाटीबाबत माझा सल्ला विचाराल तर ती इथेच राहू द्या आणि बहिणीला बोंडलं द्या.

पुढचा फोटो पाठवाल तेव्हा शेजारी मोजपट्टी ठेवा, वाटीचं वजन ग्रॅममध्ये लिहा आणि बुडायला लागलेल्या तीन वेगवेगळ्या वेळा द्या, सरासरी नको. वेळा एकमेकींच्या जवळ आल्या तर पुढचं बोलू.